रात्रीची कामं सकाळी का उरकतात? लॅपटॉप सुरू होताना अडतो तेव्हा

जुलैतली दुपार समजा. पापाकुरात दुपारीसुद्धा हवेत गारठा आहे आणि घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झालीत. साताऱ्यात सकाळचे सहा पन्नास. सातला तिकडे आई चहाचा कप घेऊन फोनसमोर बसणार, म्हणून तुम्ही इकडे लॅपटॉपचं बटण दाबता. स्क्रीन येते, पासवर्ड टाकता, चित्रं दिसतात. आणि मग काही नाही. ब्राउझरवर क्लिक केलं तर नुसतं गोल गोल फिरत राहतं. आतली डिस्क मात्र कुरकुर करतेय. सात वाजतात, सात पाच होतात. तिकडे आईला वाटतं, आज लेक विसरली.

आमच्या ओळखीच्या एका काकूंच्या घरी हे रोज चालायचं. लॅपटॉप जुना, साताऱ्याहूनच आणलेला, आत फिरणारी हार्ड डिस्क. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा मोफत आधार संपला, तेव्हा भाच्याने त्यावर उबंटू टाकून दिलं होतं. काकूंनी स्वतःचं निदान केलेलं होतं: "अरे, हा म्हातारा झालाय. माझ्यासारखाच. उठल्यावर अर्धा तास कुणाचं ऐकत नाही." भाच्याचं निदान होतं, "मावशी, नवीन घे."

दोन्ही निदानं चुकीची होती. आणि भाच्याने मधल्या काळात केलेला उपाय तर धोक्याचा होता. पॉडकास्टमध्ये यावर पाचच मिनिटं बोललो, म्हणून इथे नीट लिहितोय. तुमच्याकडे लिनक्सचं जुनं मशीन असेल तर वाचता वाचता करूनही बघता येईल.

एक सोय आधीच सांगतो. खाली आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. जिथे मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलंय.

आधी थोडं जुनं: क्रॉन कुणासाठी होता?

संगणकाला "हे काम रोज अमुक वाजता कर" असं सांगून ठेवायची कल्पना जुनी आहे. १९७९ साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत क्रॉन नावाचा कार्यक्रम होता. नाव ग्रीक 'क्रोनोस', म्हणजे काळ, यावरून. दर मिनिटाला उठायचं, यादी बघायची, वेळ झालेलं काम सुरू करायचं, एवढंच त्याचं काम. पुढे १९८७ मध्ये पॉल विक्सीने लिहिलेला क्रॉन बराच पसरला आणि त्याचेच वंशज आज अनेक लिनक्सवर आहेत.

या सगळ्यात एक गृहीत होतं: मशीन चोवीस तास चालू आहे. विद्यापीठातला किंवा ऑफिसमधला मोठा संगणक रात्री बंद कोण करणार? मग साफसफाई, नोंदींच्या फायली गुंडाळणं, शोधाच्या याद्या नव्याने बनवणं ही जड कामं रात्री ठेवायची. माणसं झोपलेली असतात, मशीन मोकळं असतं. सार्वजनिक रस्ते पहाटे झाडतात ना, तसंच.

पण लॅपटॉप रात्री बंद असतो. मध्यरात्रीचं काम मध्यरात्री होणारच नाही. क्रॉन ते सरळ विसरतो. मशीन बंद होतं, वेळ गेली, आता उद्या बघू. रोज रात्री बंद होणाऱ्या मशीनवर ते काम कधीच होणार नाही.

यावर अनाक्रॉन आला. तो वेळ बघत नाही, दिवस मोजतो. "हे काम शेवटचं कधी झालं? एक दिवस उलटला का? मग आता करू." डेबियनवर त्याची यादी उघडून बघा. रोजच्या कामांसमोर दोन आकडे दिसतील, १ आणि ५. एक म्हणजे दर एका दिवसाने. पाच म्हणजे अनाक्रॉन सुरू झाल्यावर पाच मिनिटं थांबून. आठवड्याच्या कामांना दहा मिनिटं, महिन्याच्या कामांना पंधरा. त्या दुसऱ्या आकड्यात मोठं शहाणपण आहे. राहिलेलं काम करायचंय हे खरं, पण माणूस आत्ताच येऊन बसलाय, त्याला जरा टेकू दे.

मग सिस्टिमडी आलं

२०१० मध्ये लेनार्ट पोएटरिंग आणि के सीव्हर्स यांनी सिस्टिमडी पुढे आणलं. लिनक्स सुरू होताना कुठली सेवा कधी उठवायची, कोण कुणासाठी थांबणार, हे सगळं ते बघतं. २०१५ पर्यंत डेबियन आणि उबंटू दोघांनीही ते मुख्य व्यवस्था म्हणून घेतलं. त्यात क्रॉनची जागा घेऊ शकतील असे 'टायमर' आहेत.

टायमर दोन फायलींत असतो. एका फाइलीत 'कधी' आणि दुसरीत 'काय'. पहिलीचं नाव टायमरने संपतं, दुसरीचं सर्व्हिसने. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

'कधी' सांगायच्या रीतीही दोन. एक घड्याळाची: रोज सकाळी सहाला, दर सोमवारी मध्यरात्री. दुसरी अंतराची: मशीन सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांनी, मागच्या वेळेपासून एका दिवसाने. घड्याळाच्या रीतीला एक जोड मिळते, तिचं नाव 'पर्सिस्टंट'. ती 'होय' असेल आणि ठरलेल्या वेळी मशीन बंद असेल, तर मशीन उठल्याबरोबर ते राहिलेलं काम सुरू होतं.

आता तुमच्या लॅपटॉपवर काय घडतं बघा. नोंदी गुंडाळणारा टायमर रोज मध्यरात्रीचा, पर्सिस्टंट. माहितीपानांची यादी बनवणारा, रोज मध्यरात्रीचा, पर्सिस्टंट. डिस्कवरच्या फायलींची शोधयादी बनवणारं पॅकेज टाकलेलं असेल तर तेही रोजचं. सॉफ्टवेअरचे अपडेट बसवणारा, सकाळी सहाचा, पर्सिस्टंट. मशीन आदल्या दिवशी दुपारी बंद झालंय, आज एक वीसला उघडलंय. यातली प्रत्येक वेळ उलटून गेलेली आहे. म्हणजे अख्ख्या रात्रीची कामं दाराशी रांग लावून उभी, आणि तुम्ही बटण दाबल्यावर सगळी एकदम आत घुसतात.

फिरत्या डिस्कवर हे फार बोचतं. तिच्यात वाचणारा काटा प्रत्यक्ष इकडून तिकडे सरकतो. विखुरलेल्या जागा वाचायच्या असतील तर सेकंदाला फार तर शंभरच्या आसपास उड्या होतात. एसएसडीला हेच काम हजारोंनी जमतं. ब्राउझर उघडायलाही शेकडो छोट्या फायली लागतात. दोन-तीन कामं एकाच वेळी त्याच काट्याला ओढायला लागली की कुणाचंच काम पुढे सरकत नाही. प्रोसेसर रिकामा बसलेला, आणि माणूस म्हणतो मशीन म्हातारं झालं.

हे आधीही घडलंय

हा काकूंच्या एकट्या लॅपटॉपचा दोष नव्हता. डेबियन आणि उबंटूवर सॉफ्टवेअर बसवायचं काम 'ॲप्ट' करतं. पूर्वी त्याचं रोजचं काम क्रॉनच्या यादीत होतं आणि त्यात सुरुवातीलाच काही वेळ उगाच झोपून राहायची सोय होती. २०१६ च्या सुमाराला हे काम 'ॲप्ट-डेली' नावाच्या टायमरकडे गेलं. दिवसातून दोनदा, सहा आणि अठरा वाजता, त्यात बारा तासांपर्यंतचा यादृच्छिक उशीर, आणि पर्सिस्टंट.

तो यादृच्छिक उशीर कशासाठी? जगभरच्या मशीनांनी बरोबर सहाला अपडेट मागितले तर ते पुरवणारे सर्व्हर कोलमडतील. म्हणून कुणी सहा वीसला, कुणी नऊला. कल्पना चांगली. पण सिस्टिमडीच्या तेव्हाच्या आवृत्त्यांत राहिलेलं काम मशीन उठताना उरकायचं असेल तर हा उशीर उपयोगी पडत नव्हता. काम थेट सुरुवातीलाच चालायचं. लोकांच्या तक्रारी आल्या: सुरू व्हायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतोय, आणि यादीत सगळ्यात वर ॲप्ट-डेली दिसतंय.

२०१७ मध्ये ॲप्टच्या लोकांनी कामाचे दोन तुकडे केले. ॲप्ट-डेली फक्त याद्या आणि पॅकेजं उतरवून घेईल. ती बसवण्याचं काम 'ॲप्ट-डेली-अपग्रेड' नावाचा दुसरा टायमर करेल, सकाळी सहाला, तासाभरापर्यंतच्या उशिराने. सिस्टिमडीनेही पुढे तो यादृच्छिक उशीर मशीन उठण्याच्या वेळेपासून मोजायला सुरुवात केली. त्यामुळे आज हा त्रास पूर्वीइतका हमखास होत नाही. पण तो कधी दोन मिनिटांनी येतो, कधी चाळीस मिनिटांनी, आणि मध्यरात्रीच्या बाकीच्या काही कामांना असा उशीर दिलेलाच नसतो.

आमचा चुकलेला अंदाज

काकूंचा लॅपटॉप हातात घेतला तेव्हा आमचा पहिला संशय घड्याळावर गेला. मशीन अजून भारतीय वेळेवर होतं. काकूंनी मुद्दाम ठेवलं होतं, "आईकडे किती वाजलेत ते दिसतं."

न्यूझीलंडमध्ये या संशयाला आधार आहे. हिवाळ्यात इथली वेळ भारताच्या साडेसहा तास पुढे असते आणि उन्हाळ्यात साडेसात. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोनचे तीन होतात आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी तीनचे पुन्हा दोन. घड्याळ असं हलवायची सूचना मुळात इथलीच, बरं का. वेलिंग्टनच्या टपाल खात्यात काम करणाऱ्या जॉर्ज हडसनने ती १८९५ मध्ये मांडली. त्याला कामानंतर किडे गोळा करायला उजेड हवा होता. त्या दोन रविवारी पहाटे अडीचचं ठरवलेलं काम एकदा येतच नाही आणि एकदा अडीच दोनदा वाजतात. म्हणून इथे कुठलंही काम पहाटे दोन ते तीनच्या मध्ये ठेवू नये, हा साधा नियम पाळलेला बरा.

आमचा हिशोब असा: मशीनचे सकाळचे सहा म्हणजे पापाकुरातले दुपारचे साडेबारा. अपडेट बरोबर काकूंच्या कॉलच्या तोंडावर येतोय! सापडला चोर. वेळ ऑकलंडची लावली. दुसऱ्या दिवशी तोच त्रास, जसाच्या तसा.

नंतर डोक्यात आलं. सहा ऑकलंडचे असोत की साताऱ्याचे, दुपारी एक वीसला दोन्ही उलटून गेलेले असतात. मशीन बंदच होतं. दिवसातून तासा-दोन तासांसाठी उघडणाऱ्या मशीनवर ठरलेली वेळ कुठलीही असली तरी प्रत्यक्ष वेळ एकच, बटण दाबल्यानंतरची. आम्ही मोजायच्या आधी उत्तर ठरवलं होतं. काकूंचं घड्याळ परत भारतीय वेळेवर केलं आणि मोजायला बसलो.

मोजायचं कसं?

मशीन नेहमीसारखं बंद करून दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी सुरू करा. लगेच पुन्हा सुरू करून मोजलं तर राहिलेली कामं होऊन गेलेली असतात, आणि मग त्रास दिसतच नाही. बरेच जण इथे फसतात.

पहिली आज्ञा 'सिस्टिमडी-ॲनालाइझ'. ती एकूण वेळ आणि त्याचे भाग सांगते: फर्मवेअर, लोडर, कर्नल आणि मग बाकीच्या सेवा. कधी कधी ती म्हणते, सुरुवात अजून संपलेलीच नाही. तेव्हा 'सिस्टिम-सीटीएल लिस्ट-जॉब्स' द्या. कोणतं काम अजून चालू आहे ते नावासकट दिसतं. आमच्याकडे तिथे ॲप्टचंच नाव बसलेलं होतं.

दुसरी, 'सिस्टिमडी-ॲनालाइझ ब्लेम'. प्रत्येक सेवेला किती वेळ लागला, जास्तीत जास्त वरती. नावात 'दोष' आहे, पण इथे घाईने दोष देऊ नका. सेवा एकाच वेळी समांतर चालतात. पन्नास सेकंद घेणारी सेवा बाजूला चालत असेल तर तिच्यामुळे तुमची स्क्रीन थांबलीच असेल असं नाही.

तिसरी म्हणून महत्त्वाची, 'सिस्टिमडी-ॲनालाइझ क्रिटिकल-चेन'. कोण कुणासाठी थांबलं याची साखळी ती दाखवते. ब्लेममध्ये वर आणि साखळीतही असेल, तर त्या सेवेने सुरुवात खरोखर अडवली. ब्लेममध्ये वर पण साखळीत नाही, तर ती डिस्क ओढतेय. स्क्रीन आली, पण पुढे काही हलत नाही, ही अवस्था बहुधा या दुसऱ्या प्रकारची.

चौथी, 'सिस्टिम-सीटीएल लिस्ट-टायमर्स', तिला 'ऑल' हा पर्याय दोन आडव्या रेघांनंतर जोडायचा. सगळे टायमर, शेवटचे कधी चालले, पुढचे कधी. 'शेवटचे कधी' या रकान्यातल्या वेळा मशीन सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत दाटलेल्या दिसल्या की समजा, रात्रीची कामं दारात उभी आहेत.

बंद करायचं नाही, हलवायचं

आता भाच्याच्या उपायाकडे येतो. त्याने अपडेटचे दोन्ही टायमर 'मास्क' केले होते. मास्क म्हणजे त्या नावाचा दुवा रिकाम्या जागेकडे वळवून टाकणं. मग ते कुणीच सुरू करू शकत नाही. मशीन त्या आठवड्यात झटपट उठलं, सगळे खूश. काही महिन्यांनी कुठल्याशा कारणाने दुसऱ्या कुणीतरी ते परत चालू केलं, म्हणून त्रास पुन्हा सुरू झाला आणि मशीन आमच्याकडे आलं. तुंबलेल्या अपडेटची यादी बघून आम्ही गप्पच झालो. मधले सगळे महिने त्या लॅपटॉपवर एकही सुरक्षा दुरुस्ती बसली नव्हती. आणि काकू त्यावरूनच बँकेत जात होत्या.

हा धोका किती खरा आहे याचं उदाहरण लिनक्सचं नाही, पण सगळ्यांना माहीत असलेलं आहे. वॉनाक्राय १२ मे २०१७ला पसरला. ज्या भोकातून तो शिरला त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना त्या दिवशी ठरलेल्या तपासण्या रद्द कराव्या लागल्या. दुरुस्ती उपलब्ध होती, बसवलेली नव्हती.

तेव्हा काम बंद करायचं नाही, त्याची वेळ हलवायची. आणि किती हलवायची हे ठरवायला टर्मिनल उपयोगाचं नाही, माणसाला विचारावं लागतं. आम्ही आधी पंधरा मिनिटं टाकणार होतो. काकूंना विचारलं, कॉल किती वेळ चालतो? "चाळीस मिनिटं तरी." म्हणजे पंधरा मिनिटांनी काम ऐन बोलण्यात आलं असतं. नंतर काय करता? "मग तासभर पेपर वाचते." तो तास आमच्या कामाचा. पन्नास मिनिटं ठरली.

आज्ञा अशी: 'सुडू सिस्टिम-सीटीएल एडिट ॲप्ट-डेली डॉट टायमर'. एक रिकामी फाइल उघडते. मूळ फाइलीला हात लागत नाही, ही वर ठेवायची चिठ्ठी आहे. तिच्यात पहिल्या ओळीत चौकोनी कंसात 'टायमर' आणि खाली या ओळी. प्रत्येक नावातल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, मध्ये जागा नाही:

ऑन-कॅलेंडर = (पुढे काही नाही)
ऑन-बूट-सेक = ५० मिन
ऑन-युनिट-ॲक्टिव्ह-सेक = १ डी
ॲक्युरसी-सेक = १ मिन
रँडमाइझ्ड-डिले-सेक = ५ मिन

(इथल्या आडव्या रेघा फक्त वाचायच्या सोयीसाठी, टाइप करताना नकोत.)

पहिली ओळ रिकामी का? मूळ फाइलीतल्या सहा आणि अठरा या वेळा पुसायला. ती विसरलात तर जुन्या वेळाही राहतात आणि नव्याही, मग काही बदललं नाही म्हणून तुम्ही डोकं धराल. दुसरी ओळ, सुरू झाल्यापासून पन्नास मिनिटांनी. तिसरी, मशीन चालूच राहिलं तर एका दिवसाने पुन्हा. चौथी, वेळेत किती ढील चालेल. पाचवी, तो यादृच्छिक उशीर, पण छोटा. तासाभराची ढील ठेवली आणि मशीन दीड तासात बंद झालं, तर काम राहून जाऊ शकतं, म्हणून हे आकडे लहान.

ॲप्ट-डेली-अपग्रेडसाठी हेच, फक्त ५० च्या जागी ६५, म्हणजे आधी उतरवणं आणि मग बसवणं. दिवसातून दोन-तीनदा मशीन सुरू केलं तर काम तितक्यांदा होईल का? टायमर जागा होईल, पण ॲप्ट स्वतःकडची तारखेची खूण बघतं आणि आजचं झालं असेल तर परत फिरतं.

त्याबरोबर कामाला खालच्या मानाने चालायला सांगा. तीच 'एडिट' आज्ञा, पण टायमरऐवजी 'सर्व्हिस' फाइलीवर. चौकोनी कंसात 'सर्व्हिस', खाली 'नाइस = १९' आणि 'आयओ-शेड्युलिंग-क्लास = आयडल'. पहिल्याने प्रोसेसरच्या रांगेत हे काम सगळ्यात मागे उभं राहतं, दुसऱ्याने डिस्कच्या रांगेत. दुसरं किती पाळलं जाईल हे मशीनवरचा डिस्क शेड्युलर कोणता आहे त्यावर अवलंबून आहे. बीएफक्यू असेल तर चांगलं पाळलं जातं.

मध्यरात्रीच्या बाकीच्या टायमरनाही असंच पुढे ढकलता येतं. सिस्टिमडीचाच तात्पुरत्या फायली साफ करणारा टायमर बघा. तो मुळातच 'सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांनी, मग रोज' असा लिहिलेला आहे. म्हणजे आपण काही वेगळं करत नाही.

चुकलं असं वाटलं तर 'सुडू सिस्टिम-सीटीएल रिव्हर्ट' आणि टायमरचं नाव. चिठ्ठी जाते, मूळ व्यवस्था परत येते. बदल करण्याआधी हे माहीत असलं की हात थरथरत नाही.

तीन गोष्टी विसरू नका

एक, चार्जर. ॲप्टच्या या सेवा बॅटरीवर असताना सुरूच होत नाहीत. लॅपटॉप कायम बॅटरीवर वापरत असाल तर वेळ कितीही छान ठरवा, अपडेट होणार नाही.

दोन, झाकण. 'सुरू झाल्यापासून पन्नास मिनिटं' यात मशीन झोपलेला वेळ धरत नाहीत. झाकण लावून झोपवलं की मोजणी थांबते, उघडलं की पुढे चालू. हे आपल्या फायद्याचंच आहे, पण माहीत असू दे.

तीन, बटण. मशीन अडलं म्हणून पॉवरचं बटण दाबून धरायची सवय असेल तर सोडा. त्या क्षणी पॅकेज बसवणं चालू असेल तर ते अर्धवट राहतं. तसं झालंच असेल तर 'सुडू डीपीकेजी', मग दोन रेघांनंतर 'कॉन्फिगर', आणि एका रेघेनंतर 'ए'. अर्धी राहिलेली कामं ते बहुतेक वेळा पुरी करतं.

काकूंना आम्ही हे सगळं सांगितलं नाही. चार्जर लावून ठेवा आणि पेपर वाचून झाल्यावरच बंद करा, एवढं सांगितलं. आठवड्याने टायमरची यादी पुन्हा बघितली. 'शेवटचे कधी' या रकान्यात ॲप्टची वेळ रोज पापाकुरातल्या हिशोबाने दोन-सव्वादोनच्या आसपास होती, बरोबर पेपराच्या वेळेत. लॅपटॉप अजूनही जुनाच आहे, उठायला वेळ घेतोच, पण सातला पाच कमी असताना ब्राउझर उघडलेला असतो.

तुमच्या मशीनवर हे करणार असाल तर तुम्हीही आठवड्याने तो रकाना बघा. तिथे आजची किंवा कालची तारीख असली पाहिजे. नसेल तर तुमचं मशीन लवकर उठतंय, पण अपडेट होत नाहीयेत, आणि पन्नासचा आकडा कमी करायची वेळ आलीय.